शेवटच्या दृश्याचा अर्थ

४ फेब्रुवारी

वन्सं,

मायना काय घालावा यातच माझी सकाळ गेली. 'प्रिय' लिहिलं, खोडलं. नुसतं नाव लिहिलं, तर ते हजेरीपटासारखं दिसायला लागलं. शेवटी लग्न झाल्या झाल्या तुला चिडवायला म्हणायचे, तेच लिहिलं. तुला केवढा राग यायचा. 'मी काय जुन्या नाटकातली नणंद आहे का,' म्हणायचीस, आणि मग दिवसभर मुद्दाम जुन्या नाटकातल्या नणंदेसारखी वागायचीस.

मेल पाठवले असते, पण ते तू वाचतेस की न उघडता उडवतेस हे कळायला मार्ग नाही. कागद निदान हातात तरी घ्यावा लागतो. पत्ता तुझ्या संस्थेच्या संकेतस्थळावर मिळाला. तिथे तुझा फोटोही आहे. केस कापलेस. बरे दिसतात.

काम तुझ्या विषयातलं आहे. त्यापलीकडचं मी काही लिहिणार नाही आणि तूही लिहावंस अशी माझी अपेक्षा नाही.

बारकी आता एकोणीस वर्षांची झाली. तिला तुझ्या दादाचाच आजार निघाला. त्याला चाळिशीत गाठलं, हिला कॉलेजच्या पहिल्या वर्षात. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला नेते. मी बाहेर बाकावर बसून विद्यार्थ्यांचे निबंध तपासते आणि आत ती खुर्चीत पडून असते. किडनी मी देणार आहे. माझ्या तपासण्या चालू आहेत, डॉक्टर समाधानी आहेत. तेव्हा त्या बाजूनं तू निश्चिंत राहा.

अडचण अशी आहे की ती घ्यायला तयार नाही. सज्ञान आहे, सही तिची लागते. डॉक्टरांनी समजावलं, समुपदेशक बाईंनी समजावलं. ती सगळ्यांचं शांतपणे ऐकते आणि 'नको' म्हणते. कारण विचारलं तर तिनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला, आणि पडद्यावर तू होतीस.

विहिरीच्या सिनेमावरचं तुझं व्याख्यान. तिला ते तोंडपाठ आहे. तू जिथे श्वास घेतेस तिथे ती श्वास घेते. डार्क फँटसी हा तुझा प्रांत, माझी अक्कल तिथे चालत नाही. मी आपली जाडजूड जुन्या कादंबऱ्यांतली बाई. सिनेमा मी पाहिलेला नाही, पण तुझ्या व्याख्यानावरून गोष्ट कळली. आजारी मुलगी. तिची आई विहिरीतल्या बिनचेहऱ्याच्या प्राण्याकडे जाते आणि मुलीच्या एकेका बऱ्या दिवसासाठी स्वतःचं एकेक काही देत जाते. आधी सावली, मग चव, मग आवाज. मुलगी सुधारते, आई झिजते. शेवटी मुलगी स्वतःच विहिरीत उतरते आणि आईला सगळं परत मिळतं. त्यावर तू म्हणतेस, 'हा पराभव नाही. प्रेम करणं म्हणजे एका टप्प्यावर समोरच्याला खाणं थांबवणं.'

वाक्य चांगलं आहे. माझ्या विद्यार्थ्यानं लिहिलं असतं तर मी शेजारी बरोबरची खूण केली असती. पण माझी मुलगी ते वाक्य माझ्या तोंडावर फेकते. 'आई, मी तुला खाणार नाही.'

मागणं एवढंच आहे. तिला दोन ओळी लिही, की त्या शेवटाचा दुसराही अर्थ निघतो. कुठल्याही चांगल्या कलाकृतीचा निघतो. तूच शिकवत असशील. तुझं ती ऐकेल.

तुझी वहिनी

१९ फेब्रुवारी

वन्सं,

पत्र पोचल्याचं कुरिअरवाल्यांनी कळवलं. सही तुझीच आहे. त्या 'श'ची शेपटी मी ओळखते.

तू गप्प आहेस, म्हणून मी स्वतःच सिनेमा पाहिला. बारकीच्या शेजारी, तिच्याच पलंगावर, भर दुपारी पडदे ओढून. मला वाटलं होतं रक्ताचे सडे असतील. रक्त कुठेच नाही. भीती वाटली ती त्या प्राण्याच्या हातांची. केवढे स्वच्छ हात आहेत त्याचे, एखाद्या चांगल्या डॉक्टरसारखे. आईकडून काही घेताना तो आधी हात पुढे करून थांबतो. ओरबाडत नाही, परवानगीची वाट बघतो. ते बघवेना.

आई चव देऊन येते तो प्रसंग आठवतो ना? घरी येऊन ती मुलीसाठी रांधते, मीठ किती घालायचं ते कळत नाही म्हणून चिमूट परत डब्यात टाकते आणि मुलगी मुकाट्यानं ते अळणी जेवते. तिथे बारकीनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या पथ्यामुळे आमच्याही घरात मीठ बंद आहे, मी तिच्याबरोबर तेच खाते.

शेवटचं दृश्य मी पुन्हा पुन्हा लावून पाहिलं. आई काठावर उभी आहे, तिला आवाज परत आलाय, ती हाक मारते, कॅमेरा वरच राहतो. तू म्हणतेस की कॅमेरा खाली जात नाही, कारण मुलीचा निर्णय हा बघण्याचा विषय नाही, मान्य करण्याचा आहे. पण मला त्यात दोर दिसला. रहाटावरून विहिरीत गेलेला दोर. तो ताठ आहे, वन्सं! मी ओरडलेच. दोर ताठ आहे म्हणजे खाली कुणीतरी त्याला धरून आहे. मुलगी गेलेली नाही. ओढायची तेवढी देर आहे. एवढी मोठी खूण तुझ्यासारख्या अभ्यासकाच्या नजरेतून सुटली?

बारकीनं मला शांतपणे चित्र मागे नेऊन दाखवलं. 'आई, सिनेमाच्या सुरुवातीलाही दोर असाच ताठ आहे. त्याला बादली बांधलेली आहे. बादलीला वजन असतं.'

वीस वर्षं मी वर्गात घसा फोडून सांगतेय की पुस्तकात जे आहे ते वाचा, तुम्हाला हवं ते नका वाचू. आणि बादलीच्या वजनाला मी माझी मुलगी समजले.

तिला हसू आलं आणि मलाही आलं. बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघी हसलो. मग तिला धाप लागली.

लिही गं. दोन ओळी. मला नको लिहूस, तिला लिही.

६ मार्च

तुला वन्सं म्हणायची आज इच्छा नाही.

परवा ती डायलिसिसला गेलीच नाही. मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगितलं, मी कॉलेजात होते, विश्वास ठेवला. त्याच्या आधीचीही एक फेरी तिनं चुकवली होती हे मला नंतर कळलं. केंद्रातून फोन आला तेव्हा मी वर्गात नावाडणीची कादंबरी शिकवत होते. घरी आले तर ती भिंतीला टेकून बसलेली, पाय सुजून टम्म, ओठ निळसर, आणि श्वास असा की आत पाणी खळखळतंय. शेजारच्या शिंप्यानं गाडी काढली. रस्ताभर तो हॉर्न वाजवत होता आणि मी तिचं डोकं मांडीवर घेऊन काहीबाही बडबडत होते. वाचली. छातीत पाणी भरलं होतं. अजून थोडा उशीर झाला असता तर, असं डॉक्टर म्हणाले आणि वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

शुद्धीवर आल्यावर मी तिला विचारलं, 'मरायचं होतं का?' ती म्हणाली, 'नाही. बघत होते, थांबता येतं का.'

तिच्या उशाशी बसून मी तिला नावाडणीची कादंबरी वाचून दाखवली. माझ्याकडे दुसरं हत्यार काय आहे? तुला ती ठाऊक आहे. रुसून बेटावर जाऊन बसलेला मुलगा आणि त्याला परत आणायला रोज होडी वल्हवत जाणारी म्हातारी. तू त्या पुस्तकाला 'रडक्या आयांची पोथी' म्हणायचीस. मी आजवर ते मायेचं महाकाव्य म्हणूनच शिकवलं. वाटलं होतं, तिच्या काळजाला पाझर फुटेल. ती डोळे मिटून ऐकत होती. एके ठिकाणी म्हातारीला वादळात जाता येत नाही आणि ती घरात चिडून भांडी आपटते, तिथे बारकीनं मला थांबवलं. 'आई, बघ. तिला मुलगा नकोय. तिला फेऱ्या हव्यात.'

माझ्या हातून पुस्तक मिटलं गेलं. असं कुणी म्हटल्याचं मी कुठल्याही टीकाग्रंथात वाचलेलं नाही, आणि ते खरं आहे. मी म्हणजे नुसत्या फेऱ्या झालेय. केंद्र, कॉलेज, औषधांचं दुकान. त्या बंद पडल्या तर माझं काय उरेल ते मला माहीत नाही. हे तिला दिसतं. तिला सगळं दिसतं, कारण तुझ्यासारखं बघायला ती तुझ्याकडूनच शिकली आहे.

म्हणून तुझा राग येतो. तू आम्हा सगळ्यांना एकदा सोडून गेलीस. तुझ्या दादाचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं. तुझी किडनी जुळली होती. त्याच्या खोलीतून तू बाहेर आलीस आणि कॉरिडॉरमध्ये माझ्यासमोर उभी राहून म्हणालीस, 'वहिनी, मी देणार नाही. कारण विचारू नकोस.' मी विचारलं नाही. तू गेलीस. मग तोही गेला, पण त्याला जायला वर्ष लागलं आणि ते वर्ष मी बघितलं, तू नाही. तो तुझा अधिकार होता, तेव्हाही सगळे मला हेच सांगत होते. असेल. पण आता दूर देशी बसून, दिव्यांच्या उजेडात, 'नाही' म्हणण्याचे पोवाडे गाऊन तू माझी पोरगीही त्याच विहिरीत ढकलावीस, हा अधिकार तुला कुणी दिला?

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. असंच लिहिते आहे. कुणाला तरी लिहायलाच हवं.

१५ मार्च

वन्सं,

मोबाईलवर तुझा निरोप आला. माझ्या तीन पत्रांना एक ओळ: 'वहिनी, तुला माझी समीक्षा हवी आहे की माझी किडनी?'

ती ओळ वाचली तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी होते. गॅस बंद केला आणि पुन्हा वाचली.

तुला कसं कळलं? की माझ्या पत्रांत ते पहिल्यापासून दिसत होतं? दिसत असणार. तू माझ्यापेक्षा बरी वाचक आहेस. 'डॉक्टर समाधानी आहेत' हे वाक्यच खोटं वाजतं. डॉक्टर कधी समाधानी असतात?

तर ऐक. पहिलं पत्र लिहिलं त्याच्या आधीच माझा निकाल आला होता. माझी एक किडनी जन्मापासूनच खुजी आहे, नावाला आहे, काम करत नाही. एवढं आयुष्य मी एकीवरच ढकललं आणि मला पत्ता नाही. डॉक्टर म्हणाले, 'तुमचं तुम्हालाच कसंबसं पुरतंय, त्यातलं देणार काय?' मी त्यांना म्हटलं, तरी काढा. ते उठून गेले.

बारकीला मी हे सांगितलेलं नाही. ती माझी किडनी नाकारते आहे, म्हणजे जी द्यायला मुळात नाहीच, ती नाकारते आहे. घरात आम्ही दोघी रोज त्या नसलेल्या वस्तूवरून भांडतो. सांगितलं तर 'झालं, प्रश्न मिटला' म्हणेल आणि त्या दिवसापासून खुर्चीत बसणंही सोडेल अशी भीती वाटते. किडनीसाठीच्या नोंदणीची यादी लांब आहे. तिच्या रक्तगटाचं माझ्या माहेरी कुणी नाही. तुझा तोच आहे. हे मला तुझ्या दादाच्या वेळेपासून माहीत आहे, ते विसरता येत नाही.

म्हणजे तुझ्या प्रश्नाचं उत्तर, दोन्ही. मी सिनेमाचं निमित्त करून तुझ्या दाराशी आले. आधी ओळख निघू दे, मग मागू, असा माझा डाव होता. भिकारीसुद्धा आधी हवापाण्याचं बोलतो.

पण तू मला एकच निवडायला सांगितलंस, तर मी समीक्षा निवडेन. बोलायचं म्हणून बोलत नाहीये मी, विचार करून लिहितेय. किडनी उद्या आभाळातून पडली तरी बारकी घेणार नाही, जोवर तिच्या डोक्यात ते वाक्य आहे. मी ते खोडायचा प्रयत्न केला. दोरावर गेले, कादंबरीवर गेले. माझ्या हातून तिच्यापुढे एकही अर्थ टिकत नाही, कारण मला काय हवंय ते तिला आधीच ठाऊक असतं. तुला काय हवंय ते तिला ठाऊक नाही. म्हणून तुझं ती ऐकेल.

खोटं लिही असं मी म्हणत नाही. पहिल्या पत्रात म्हटलं होतं, आता म्हणत नाही. तू ते व्याख्यान कशासाठी दिलंस एवढंच तिला खरं सांग. कुणीही असा शेवट इतक्या जीव तोडून उगाच सांभाळत नाही. मलाही ते ऐकायचंय. सात वर्षांपूर्वी कॉरिडॉरमध्ये जे विचारलं नाही, ते आता विचारते. का?

२ एप्रिल

वन्सं,

काल तू बारकीशी फोनवर काय बोललीस ते तुला माहीत आहे. पण इकडे काय झालं ते तुला दिसलं नाही, म्हणून लिहिते.

दुपारची वेळ. केंद्रातून नुकत्याच आलो होतो, ती आडवी पडली होती, मी दाराबाहेर कपड्यांच्या घड्या घालत होते. तुझं नाव पाहिल्यावर ती उठून बसली. मला वाटलं, सिनेमावर बोलणं चाललंय. सुरुवातीला तसंच होतं. तिनं तुला तुझीच वाक्यं ऐकवली. मग ऐकत राहिली. तू खूप वेळ बोलत होतीस. ती पलंगाच्या कडेवरचा धागा ओढत होती. ओढता ओढता कापड उसवत गेलं, तरी थांबली नाही.

तू काय सांगितलंस ते तिनं मला नंतर सांगितलं. एकेक वाक्य, जसंच्या तसं. पाठांतर चांगलं आहे तिचं.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी माझ्या नवऱ्यानं तुला खोलीत बोलावलं. म्हणाला, 'तू नाही म्हण. मी नाही म्हटलं तर तुझी वहिनी मला सोडणार नाही, पोरगी रडेल, आणि मी वळेन. तू म्हणालीस तर कुणाचं काही चालणार नाही.' तुला काही झालं तर मी कसा जगू, म्हणाला. तुझ्याकडून वचन घेतलं. आणि बाहेर मी औषधांची पिशवी घेऊन उभी होते. तू दार उघडून बाहेर आलीस आणि मला जे सांगितलंस, ते त्याचं वाक्य होतं.

वर्षभर मी त्याच्यासमोर तुला बोल लावले. त्याला खिमट भरवताना, त्याचे पाय चेपताना. तो भिंतीकडे तोंड करून पडायचा. मला वाटायचं, बहिणीच्या वागण्याचं दुःख आहे. 'जाऊ दे, तिला बोलू नकोस' एवढंच म्हणायचा. मला तो किती मोठ्या मनाचा वाटायचा!

आणि मग तू बारकीला म्हणालीस, 'त्या व्याख्यानात ती मुलगी नव्हतीच गं. तिथे माझा दादा होता. त्यानं बरोबर केलं, असं मला कुणीतरी मोठ्यानं म्हणायला हवं होतं. कुणी म्हणेना, म्हणून मीच म्हटलं. त्यानं बरोबर केलं नव्हतं. मला द्यायची होती. त्यानं मला वाचवलं नाही, त्यानं मला बाहेर ठेवलं.'

हे सांगताना बारकीला रडू फुटलं. आजाराचं निदान झालं तेव्हा फुटलं नव्हतं.

मी तिथे नव्हते असं समजू नकोस. फोन चालू असताना मी दारात येऊन उभी राहिले होते, टॉवेल हातात तसाच. तिनं मला पाहिलं. मला वाटलं, दार लावून घेईल. तिनं माझ्याकडे बघतच तुला विचारलं. अगदी हळू. लहान असताना दुसऱ्यांच्या घरी पाणी मागायची तशी.

'आत्या, मला जगायचंय. तू मला देशील का?'

आजवर या पोरीनं कुणाकडे काही मागितलं नाही. बाप आजारी, आई फेऱ्यांत, ती मागायचं शिकलीच नाही. मला वाटत होतं की तिला मरणाचं आकर्षण आहे, त्या काळ्या सिनेमांनी तिचं डोकं फिरवलंय. तिला फक्त मागायची लाज वाटत होती.

तू काय उत्तर दिलंस ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. फोन ठेवला, कूस वळवली, झोपली. मग संध्याकाळी उठल्यावर मी तिला माझ्या खुज्या किडनीचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. 'म्हणजे इतके दिवस आपण कशावरून भांडत होतो?' म्हणाली.

तू नाही म्हणालीस तरी चालेल, असं लिहायला घेतलं होतं. चालणार नाही. कशाला खोटं लिहू? तू नाही म्हणालीस तर मी इथे भिंतीवर डोकं आपटून घेईन. पण तू नाही म्हणू शकतेस. आता तरी ते 'नाही' तुझं असेल. फक्त या वेळी कारण सांग, कितीही वाईट असलं तरी. घाबरले, एवढं म्हणालीस तरी मला पुरेल.

१२ मे

वन्सं,

तू वरच्या मजल्यावर, बारकी खाली काचेच्या खोलीत, आणि मी जिन्यात. जंतुसंसर्गाच्या भीतीनं वरच्या माणसानं खाली आणि खालच्यानं वर जायचं नाही असा इथला नियम आहे. मी खालची ठरले. म्हणून चिठ्ठी सिस्टरच्या हाती पाठवते.

तुला कुणी सांगितलं नसेल आणि सांगू नका असंही ते म्हणतील, पण आपल्या घरात लपवालपवी पुष्कळ झाली. तुझी किडनी अजून सुरू झालेली नाही. ऑपरेशन नीट झालं, रक्त खेळतंय, रंग चांगला आहे, पण काम करत नाही. कधी कधी ती झोपून राहते, म्हणाले. थांबायचं. तोवर बारकीला पुन्हा त्याच मशीनवर घेतलंय. परत त्याच खुर्चीत तिला बघून मी डॉक्टरांना गाठलं. किती थांबायचं, विचारलं. सांगता येत नाही. उठलीच नाही तर? डॉक्टरांनी चष्मा पुसला.

म्हणजे तुझ्या पोटावर एवढी मोठी चीर पाडून, एवढ्या लांबून तुला आणून, मी तुझ्यातलं ते काढून घेतलं आणि वाया घालवलं असंही होऊ शकतं. विमानतळावर तू मला मिठी मारलीस तेव्हा मी लाकडासारखी उभी राहिले. मनात एकच, हिला इथे सर्दी व्हायला नको. तू माणूस आहेस हे मला आठवतच नव्हतं. तू म्हणजे मला एक अवयव दिसत होता, चालत येणारा.

तुला दुखतंय का? सिस्टर म्हणाल्या, तू वेदनेच्या औषधाला नको म्हणतेस. घे गं. शहाणपणा करू नकोस. तुझ्या घराण्याला 'नको' म्हणायची फार हौस.

बारकी काचेआडून मला खुणा करते. आत्या कशी आहे, विचारते. मी अंगठा दाखवते. ती तोंड फिरवते, तिला माझे अंगठे खोटे वाटतात.

मला इथे बसून काही वाचताही येत नाही. जगातली सगळी पुस्तकं तोंडपाठ असूनही जिन्यात बसलेल्या बाईला त्यातली एक ओळ कामाला येत नाही. तुझ्या सिनेमावाल्यांना विचार, तुमच्याकडे आहे का काही.

१६ मे

वन्सं,

लघवी झाली.

एवढंच लिहून पाठवणार होते, पण सिस्टर म्हणाल्या, त्यांचा चहा होईपर्यंत थांबेन, नीट लिहा. दुपारी नळीतून आधी थोडी आली. मी म्हटलं, असंच असेल, आधीचं साठलेलं. मग आणखी आली. पिशवी अर्धी भरली. डॉक्टर ती पिशवी हातात उचलून उजेडाकडे धरून बघत होते आणि त्यांच्या तोंडावर असं काही होतं की मी काचेला कपाळ टेकलं. रक्ताचे आकडे संध्याकाळी येतील. अजून सांभाळायचंय, आयुष्यभर सांभाळायचंय, हे सगळं त्यांनी सांगितलं. मी मान हलवली. ऐकलं काहीच नाही.

बारकीनं पाटीवर लिहून मला दाखवलं. तुला कळवायला सांगितलंय. 'आत्याची किडनी आत्यासारखीच आहे. बोलावल्याबरोबर येत नाही.'

आता माझं. इतकी वर्षं मी तुला मनातल्या मनात शिव्या दिल्या, साग्रसंगीत, रोज. त्या आता निराधार झाल्या आहेत. त्यांना कुठे ठेवू? खरा धनी निघून गेला. रात्रंदिवस माझ्या हातून भरवून घेतलं, तुझी निंदा ऐकून घेतली आणि तोंडातून शब्द काढला नाही. त्याला आपली दया आली होती म्हणे. मला ती दया नको होती. मला तो हवा होता. त्यानं वर्षभर आपली मरण्याची तयारी केली आणि मला वाटत होतं की आपण दोघं मिळून जगायची करतोय. मी त्याच्यावर इतकी संतापले आहे की काल जिन्यात त्याला मोठ्यानं बोलले. एक वॉर्डबॉय घाबरून दुसऱ्या जिन्यानं गेला.

आणि तरीही तो खोलीतून हाक मारील असं वाटतं. ते काही केल्या जात नाही.

उद्या तुला आधाराशिवाय चालायला देणार आहेत, आणि परवा खाली यायची परवानगी मिळेल असं सिस्टर म्हणाल्या. लिफ्टनंच ये, हुशारी करू नकोस. काचेतून तिला बघ. तुला बघून ती रडेल, रडू दे. मग माझ्या शेजारी बाकावर येऊन बस. सिनेमाचं नको, कादंबरीचंही नको. मला तुझ्या दादाशी भांडायचंय आणि एकटीला ते जमत नाहीये. तू ये. दोघी मिळून भांडू.

वहिनी